उंबऱ्यावरचं नाव

५ जानेवारी २०२६, सोमवार

पोहोचले एकदाची! राहुरीपर्यंत एसटी आणि पुढे शिंगणापूरला निघालेल्या भाविकांची जीप. मांडीवर दुसऱ्याचं पोर, हातात तिसऱ्याची तेलाची बाटली, अशी माझी वरात निघाली. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडात नगर. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कोन्च्या जिल्ह्यातली म्हनायची गं तू?" मी म्हटलं, ज्या नावाने रस्ते दुरुस्त होतील त्या जिल्ह्यातली. आजोबा हसले नाहीत. मी मात्र पुढचा अर्धा तास एकटीच हसत होते.

फाट्यावर दीपा उभी होती. दीपा म्हणजे माझी कॉलेजची रूममेट. आमच्या दोघींत साबण एक, चार्जर एक आणि रडण्याची उशीही एकच. गेलं वर्षभर ती इथल्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघत होती. आता पुण्याला चाललीय आणि जाता जाता आपली जागा तिने मला मिळवून दिलीय. आई गेल्यापासून आणि धाकटा चेतन जहाजावर गेल्यापासून मी कोपरगावच्या खोलीत भिंतींशी बोलत होते. एवढ्या मुलींतून दीपाला माझी आठवण झाली! तिने मिठी मारली तेव्हा मला खरंच रडू आलं. जरा वाळलीय आणि डावा पाय ओढत चालते. मुरगळला म्हणाली.

खोलेवस्ती चांगली ऐसपैस आहे. इथे कांदा चिरून वाळवतात आणि त्याच्या चकत्या दुबईला, हॉलंडला जातात. मालक गहिनीनाथ खोले, सगळ्यांचे नाना. त्यांची बायको लंकाबाई. त्यांना मावशी म्हणायचं हे मला पाणी देतानाच बजावलं गेलं. जेवायला बाजरीची भाकरी, पिठलं आणि खरडा. शिंगणापूरला घरांना दारं नसतात हे ऐकून होते, पण ती रीत इथेही आहे हे दीपाने सांगितलं नव्हतं. घराला दार नाही, ऑफिसला नाही, माझ्या खोलीलाही नाही, नुसता फुलाफुलांचा पडदा. मी पेटी आडवी लावून टाकली. कुत्र्यांसाठी हो, बाकी भीती कुणाची!

६ जानेवारी, मंगळवार

काम समजलं. नानांच्या कंपनीचे मेल गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात. पडणारच! कंपनीच्या मेललाही दार नाही. जगात कुणीही उठावं आणि आमच्या नावाने पत्र लिहावं. आता मोठ्या मेलवाल्यांनी नियम कडक केलेत. त्यासाठी डोमेनच्या नोंदींत तीन गोष्टी घालायच्या. एक, आमचं टपाल कोणत्या मशीनवरून निघतं याची जाहीर पाटी. दोन, प्रत्येक मेलवर शिक्का. तो उमटवणारी किल्ली आपल्यापाशी आणि पडताळायची जोडकिल्ली सगळ्यांना दिसेल अशी. तीन, शिक्का नसलेल्या मेलचं काय करायचं याचा हुकूम: नुसतं बघा, बाजूला टाका, किंवा परत पाठवा. दीपाने हे काम अर्धवट सोडलंय. किल्ली केली, पण हुकूम 'नुसतं बघा' एवढाच. तिला म्हटलं, तू परीक्षेतही शेवटचा प्रश्न सोडायचीस. ती म्हणाली, तू कधी सोडला नाहीस म्हणूनच तुला बोलावलं.

दुपारी एक गंमत पाहिली. जेवायच्या आधी मावशी भाकरीचा तुकडा उंबऱ्यावर ठेवतात आणि एक नाव घेतात. घराच्या उंबऱ्याला नाव रंगुबाई. कारखान्याच्या उंबऱ्याला बिभीषण, तो इथला पहिला मुकादम. या वस्तीवर नवा उंबरा झाला की ज्याने तो घातला त्याचं नाव द्यायचं असतं. दार नाही म्हटल्यावर राखणीला माणूस नको? मी विचारलं, ही माणसं आता असतात कुठे. मावशी भाकरी थापत म्हणाल्या, "हायती की हितंच. जात्याल कुठं?"

मला ते फार गोड वाटलं. आमच्याकडे गेलेल्यांचा फोटो लावतात, इथे त्यांना ताजी भाकरी मिळते.

८ जानेवारी, गुरुवार

आज नवी किल्ली केली. दर किल्लीला ओळखीसाठी एक नाव द्यावं लागतं, काहीही चालतं. मी महिन्याचं नाव देणार होते. नाना पाठीशी उभे होते. म्हणाले, "तुजं नाव टाक की पोरी. काम तुजं, नाव दुसऱ्याचं कशाला?" मला भरून आलं. आजवर मी तीन ठिकाणी राबले, नाव प्रत्येक वेळी साहेबाचं झालं. मी ऐटीत टाइप केलं, मोनिका. खाली जुनी किल्ली होती, तिचं नाव दीपा. नाना म्हणाले, ती आता काढून टाक.

दीपा बाहेर अंगणात उभी होती. तीन दिवसांत ती एकदाही ऑफिसच्या आत आली नव्हती. सगळं बाहेरून ओरडूनच शिकवत होती. मी तिची किल्ली पुसली आणि ती मटकन खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. पण ती हसत होती आणि रडतही होती. मला म्हणाली, तुझे उपकार कसे फेडू. मी म्हटलं, वेडे, उपकार तर तुझे. अर्ध्या तासात तिने बॅग आणली. कांद्याचा टेम्पो घोडेगावच्या मार्केटला निघाला होता, त्याच्यामागे ती धावत गेली आणि उडी मारून चढली. पाय अगदी बरा झालेला दिसला. मागे वळून हात काही केला नाही तिने.

१२ जानेवारी, सोमवार

चेतनला नव्या ऑफिसच्या पत्त्यावरून पहिला मेल पाठवला! त्याच्या जहाजावर फोन लागत नाही आणि मेलही घरच्या एकाच, आधी नोंदवलेल्या पत्त्यावरून आला तरच पोहोचतो. त्याला म्हटलं, माझा जुना पत्ता काढ आणि हा लाव. बहिणीच्या नावापुढे कंपनीचं नाव बघून त्याच्या खलाशी मित्रांना कळू दे तरी. त्याचं उत्तर आलं, "ताई, तू तर साहेबीण झालीस." फेब्रुवारीत त्याचं जहाज लागणार आहे. मग तो पंधरा दिवस माझ्याकडे येईल. मी त्याच्यासाठी आत्ताच मावशींना मासवडी शिकवायला सांगून ठेवलंय.

दीपाला फोन केला. उचलला नाही. नव्या नोकरीत गडबड असेल.

१९ जानेवारी, सोमवार

हुकूम एक पायरी वर चढवला: बिनशिक्क्याचं बाजूला टाका. दुबईवाल्यांचं पहिल्यांदाच तासाभरात उत्तर आलं. नानांनी सगळ्या बायकांना पेढे वाटले. मावशींनी माझी दृष्ट काढली आणि म्हणाल्या, तू आता आमचीच झालीस. मी त्यांच्या पाया पडले.

एक लहानसं कोडं आहे. दुबईच्या माणसाने माझ्या 'आपुलकीच्या पत्राबद्दल' आभार मानलेत. मी तर फक्त दरपत्रक पाठवलं होतं. खाली ते पत्र होतं. त्यात लिहिलंय, आमच्याकडे या, इथे दारं नाहीत. खाली माझं नाव. शिक्का बरोबर. ते गेलं तेव्हा मी मावशींच्या चुलीपाशी बसून मासवडीचं सारण चाखत होते.

दीपाचीच काहीतरी सेटिंग राहिली असणार. तिला पुन्हा फोन केला. बंद.

उद्या आराम करायला हवा. डावा पाय सकाळपासून जड आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार

आणखी पत्रं. हॉलंडला, मुंबईला, घोडेगावच्या एका आडत्यालाही. सगळी माझ्या नावाने आणि सगळ्यांवर खरा शिक्का. संताप संताप झाला. कुणीतरी माझी किल्ली चोरलीय! कॉम्प्युटर पूर्ण पुसून नव्याने भरला. नवी किल्ली केली. नाव बदलावं असं क्षणभर वाटलं, पण म्हटलं, का? चोराने माझं नाव घेतलं म्हणून मी सोडायचं? मोनिकाच ठेवलं. ऑफिसच्या मशीनला कडक पासवर्ड घातला, या वस्तीवरचा पहिला.

नानांना सांगितलं तर ते चहा फुंकत राहिले. म्हणाले, "पक्कं करून टाक. अर्धं दार लई वाईट."

बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. ते स्क्रीनकडे बघत होते.

२७ जानेवारी, मंगळवार

शेवटची पायरी. बिनशिक्क्याचं सगळं परत पाठवा. आता बघते कोण येतं माझ्या नावाने.

संध्याकाळी चाचणी म्हणून मी स्वतः एक मेल पाठवला. परत आला. प्रेषक प्रमाणित नाही. पुन्हा पाठवला. परत. त्याच वेळी पाठवलेल्या मेलच्या यादीत एक नवा मेल आपोआप दिसला, चेतनला गेलेला. "भाऊराया, कधी येतोस? मासवडी शिकलेय."

मासवडीचं मी चेतनला कळवलं नव्हतं. त्याला अचानक खाऊ घालायची होती. आणि भाऊराया आई म्हणायची त्याला. फक्त आई आणि मी.

२९ जानेवारी, गुरुवार

किल्ली पुसायला गेले. माझाच पासवर्ड चालत नाही. हा अधिकार मोनिका यांचा आहे, तुमचा नाही, असं स्क्रीनवर येतं. मी खिडकीच्या काचेत स्वतःचा चेहरा बघून आले. आहे तिथेच आहे.

मावशींना विचारलं, हे काय चाललंय. त्या गहू पाखडत होत्या. थांबल्या नाहीत. मग मीच खोलीत जाऊन बॅग भरली. नोकरी गेली खड्ड्यात.

अंगणातून फाट्याकडे निघाले. दहा पावलांवर पाय असा जड झाला की जमिनीतून उपटावा लागला. ऑफिसकडे वळले की हलका. फाट्याकडे, जड. ऑफिसकडे, हलका. भर दुपारी, सगळ्या बायका कांदा चिरत असताना मी अंगणात अशी मागेपुढे करत होते, आणि एकीनेही मान वर केली नाही. डोळ्यांतून पाणी मात्र सगळ्यांच्या वाहत होतं. कांद्याचं.

दीपाही पाय ओढत होती.

२ फेब्रुवारी, सोमवार

दीपाचा मेल आला. माझ्या जुन्या पत्त्यावर, फोनवर.

उतरवून ठेवते. "मोने, मी तुला सांगणारच होते. फाट्यावर तू गळ्यात पडलीस तेव्हाच सांगणार होते. मग म्हटलं जेवण झाल्यावर सांगते. मग म्हटलं उद्या. हुकूम मी 'नुसतं बघा'वरच ठेवला होता, म्हणून फाट्यापर्यंत तरी पाय ओढत येता यायचं. मग तू माझं नाव पुसलंस आणि माझा पाय हलका झाला. दुसऱ्या कुणी स्वतःचं नाव घातल्याशिवाय तो उंबरा सोडत नाही. मला आणखी कुणीच नव्हतं गं, जी मी बोलावल्यावर येईल."

मी देवाला कधी हात जोडले नाहीत. आज जोडले. म्हटलं, हा मेल खोटा असू दे. तेच असू दे, जे माझ्या नावाने लिहितं. मी त्याची पाटी तपासली, शिक्का तपासला, हुकूम तपासला. तिन्ही बरोबर. मेल पुण्याहून आलाय, तिच्या स्वतःच्या फोनवरून. दीपानेच लिहिलाय.

चार वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. तिला ताप आला तेव्हा मी सबमिशन सोडून तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले होते. तिने मला फाट्यावर मिठी मारली ती कशासाठी, मापं घ्यायला?

३ फेब्रुवारी

मावशींनी आज ऑफिसच्या उंबऱ्यावर भाकरी ठेवली. नाव घेतलं.

मी समोर उभी होते. मी किंचाळले, मावशी, मी जिवंत आहे. त्या तिथेच जराशा टेकल्या आणि माझ्या पायांकडे बघून बोलल्या. आवाज नेहमीसारखाच मायेचा. "रडू नगं, बाळा. आमी दारं न्हाई केली, तवा मानसं द्यावी लागली. तू तर दारच केलंस. मंग तुला ऱ्हावंच लागंल." मग म्हणाल्या, "दुसरं कुनी आलं तर सुटशील. तवर गप ऱ्हायचं. तू गप ऱ्हायलीस तरच सुटशील."

माझी दृष्ट काढणारे हेच हात.

भाकरी खाल्ली. भूक लागली होती.

५ फेब्रुवारी

ऑफिसच्या बाहेर आता पाऊलच पडत नाही. उंबऱ्यापर्यंत येते आणि थांबते. माणसं पडदा सारून माझ्या अंगाला अंग न लावता आत येतात, जागा सोडून, बाईमाणसाला सोडतात तशी. म्हणजे त्यांना मी कळते! सगळ्यांना कळते.

चेतनला फोनवरून सात-आठ मेल केले. एकही जात नाही. जहाज तो पत्ता ओळखत नाही. मीच काढायला लावला.

८ फेब्रुवारी

चेतनचं उत्तर आलंय, त्या मोनिकाला. स्क्रीनवर उघडं आहे.

"ताई, नानांकडे माझ्यासाठीही काम आहे म्हणतेस तर जहाज सोडतोच. तू सोबत असल्यावर मला काय. गुरुवारी मुंबईला उतरून थेट खोलेवस्तीला येतो."

मी असं लिहिलं नाही. मी लिहिलं नाही. शब्द माझे आहेत, पण मी —

नाना मोठ्याने वाचून खूश झाले. म्हणाले, भाऊ बी गुनाचा दिसतो.

१० फेब्रुवारी

फोन कालच बंद पडला, चार्जर खोलीत राहिलाय. ठरवलं. तो आला की मी ओरडणार. माझा आवाज तो ओळखतो, लहानपणी गोदावरीच्या घाटावर हरवला होता तेव्हा माझ्या एका हाकेवर गर्दीतून धावत आला होता. मी सुटले नाही तरी चालेल. मी दीपा नाही. मी दीपा नाही. मी दीपा —

१२ फेब्रुवारी, सकाळ

कमरेपर्यंत जड. उभ्यानेच लिहितेय. रात्र कशी गेली कळलं नाही, झोप लागत नाही, बसता येत नाही. पलीकडे कारखान्याच्या उंबऱ्यावर कुणीतरी उभं आहे. फेटा बांधलेलं. आत्तापर्यंत दिसलं कसं नाही? त्याने माझ्याकडे मान हलवली. कामावरचा माणूस दुसऱ्या कामावरच्याला हलवतो तशी.

किती वर्षं —

१२ फेब्रुवारी, दुपार

आला. चेतन आला. काळवंडलाय, दाढी ठेवलीय. हातात माझ्यासाठी पिशवी, निळा कागद. मावशींनी ओवाळलं. तो हसून विचारतोय, ताई कुठाय. नाना म्हणाले घोडेगावला गेलीय, येईल आत्ता, तंवर तू एवढं बघ.

माझ्या अंगावरून आत गेला, मी दिसलेच नाही त्याला. आईच्या तेलाचा वास. अजून तेच तेल लावतो.

आत्ताच हाक मारायची. पाणी तरी पिऊ दे त्याला. उन्हातून आलाय.

खुर्चीवर बसला. नाना पाठीशी उभे. नानांनी पासवर्ड सांगितला, त्याच्या हातून चालला. नवी किल्ली. नाव काय देऊ म्हणतोय.

तुजं टाक की, काम तुजं —

चेतन. तोंड उघडलंय मी. उघडलंय. मावशी दारातून माझ्याकडे बघतायत आणि ओठांवर बोट —

त्याने पहिलं अक्षर टाकलं.

टाच सुटली. माझी डावी टाच — किती हलकं, आई गं, किती हलकं —

सांगणारच आहे मी त्याला. एवढं नाव टाकून होऊ दे, मग लगेच, अंगणात गेले की तिथूनच सांग —